बसलेला अकिलीस ‘शीघ्रपाद’ कसा? मिल्मन पॅरीचे प्रकरण

होमरच्या इलियड या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात, ४८८ आणि ४८९ या दोन ओळींत, एक गमतीचे चित्र आहे. ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन याने बंदिवान ब्रिसेइसला आपल्याकडून नेले म्हणून वीर अकिलीस रुसला आहे. लढाई सोडून तो किनाऱ्यावर जहाजांपाशी बसून आहे. जहाजेही वाळूवर ओढून ठेवलेली. आणि कवी म्हणतो, वेगाने जाणाऱ्या जहाजांपाशी बसून तो धुमसत होता, पेलेउसचा देवकुळातला पुत्र, शीघ्रपाद अकिलीस. जहाजे जागची हलत नाहीत आणि माणूस बसलेला, तरी दोघांना विशेषणे मिळाली ती वेगाची.

होमरमध्ये असे जागोजागी आहे. ओडिसी या त्याच्या दुसऱ्या महाकाव्यात राजकन्या नाउसिका धुवायला नेते ते कपडे मळलेले असूनही ‘चमकदार’. एगिस्थस हा अगामेम्नॉनचा खुनी आणि त्याच्या बायकोचा यार, पण पहिल्या सर्गात देवराज झ्यूसला त्याची आठवण होते तिथे कवी त्याला लावतो ते विशेषण रूढ अर्थाने ‘निष्कलंक’. अलेक्झांड्रियाच्या जुन्या पंडितांना हे खटकले होते. त्यांच्यातल्या अरिस्तार्कसने तोड काढली, की असे विशेषण त्या क्षणाचे नसते, स्वभावाचे असते. उत्तर वाईट नाही. पण कवी तेच तेच स्वभावविशेषण ठरावीक ठिकाणीच का वापरतो, हे त्यातून कळत नाही.

हे कोडे सोडवणाऱ्या माणसाने आयुष्यात फार थोडे लिहिले आणि तो ३३व्या वर्षी गेला. तरीही विसाव्या शतकातल्या ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासकांपैकी आपल्या विषयाबाहेर ज्यांचा हात दूरवर पोहोचला, त्यांत मी मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाला पहिल्या ओळीत बसवीन. लोकसाहित्य, मानववंशशास्त्र, माध्यमांचा अभ्यास, जुने इंग्रजी काव्य, एवढेच काय, महाभारताच्या भाषेचा अभ्यास, सगळीकडे त्याच्या कामाचे पडसाद आहेत. एका अभ्यासकाचा प्रभाव नेमका कशातून तयार होतो, हे बघायला हे प्रकरण सोयीचे आहे. तो त्याच्या निष्कर्षातून कमी आणि त्याने लावलेल्या कसोटीतून जास्त तयार झाला, असे मला वाटते. निष्कर्षाला पुढे बरीच कात्री लागली, कसोटी मात्र अजून चालते.

आधीचे भांडण

१७९५ साली फ्रीडरिश आउगुस्ट वोल्फ या जर्मन पंडिताने होमरवर एक प्रास्ताविक ग्रंथ लिहिला आणि प्रश्न उभा केला: लेखन रुळलेले नसताना एवढी महाकाव्ये एकट्याने रचली कशी? त्यानंतर सव्वाशे वर्षे विद्वानांचे दोन तट पडले. एक तट इलियडचे तुकडे करून हा जुना थर, हा नवा, ही कुणाची तरी घुसडलेली भर, असे दाखवायचा. दुसरा म्हणायचा, छे, एकाच प्रतिभेचे हे काम. दोन्ही बाजूंचा पुरावा एकच, म्हणजे छापील पुस्तक. पुनरुक्ती दिसली की पहिला तट म्हणे ‘चोरी’ आणि दुसरा म्हणे ‘शैली’. आपल्याकडे महाभारतातल्या प्रक्षेपांवर जे वाद झाले, त्यांची आठवण यावी असाच सगळा मामला.

पॅरीचा जन्म १९०२चा, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. बर्कलेला १९२३ साली त्याने एम.ए.चा प्रबंध दिला, त्यातच पुढच्या विचाराचे बीज आहे: होमरची भाषा एका माणसाची लकब नव्हे, पिढ्यांनी घडवलेली आहे. ग्रीक शिल्पकार ठरलेल्या घाटाची मूर्ती घडवतो आणि तरी त्याची कला कमी होत नाही, तसेच हे. मग तो पॅरिसला गेला. १९२८ साली सोरबोनला त्याने फ्रेंचमध्ये दोन प्रबंध सादर केले. मुख्य प्रबंध होता होमरमधल्या पारंपरिक विशेषणांवर.

मोजणी

त्या प्रबंधात काव्यशास्त्रीय रसग्रहण जवळजवळ नाही. आहेत ते तक्ते. होमरचा छंद हेक्झॅमीटर, सहा गणांचा. ओळीत थांबण्याच्या काही ठरलेल्या जागा असतात. पॅरीने प्रत्येक प्रमुख पात्राचे नाव घेतले आणि अमुक थांब्यापासून ओळीच्या शेवटापर्यंत जेवढी जागा उरते तेवढी भरायला कवी कोणता शब्दबंध वापरतो, ते मांडले.

ओडिसीचा नायक ओडिसियस याचेच घ्या. शेवटचे दोन गण भरायचे असतील तर ‘दिओस ओदुस्सेउस’, म्हणजे देवतुल्य ओडिसियस. थोडी जास्त जागा असेल तर ‘पोलुमेतिस ओदुस्सेउस’, बहुबुद्धी ओडिसियस. त्याहून जास्त असेल तर ‘पोलुत्लास दिओस ओदुस्सेउस’, खूप सोसलेला देवतुल्य ओडिसियस. आता बारकावा बघा. ‘पोलुमेतिस’च्या मापाचे आणखी एक विशेषण आहे, ‘प्तोलिपोर्थोस’, नगरे लुटणारा. मग एका जागेला दोन शब्द कशाला? कारण दुसऱ्याच्या सुरुवातीला जोडाक्षर आहे, आणि जोडाक्षरामुळे आधीचा लघु गुरू होतो. आधीचा शब्द लघूवर संपत असून तिथे गुरू हवा असेल तर ‘प्तोलिपोर्थोस’, एरवी ‘पोलुमेतिस’. (जाता जाता: प्राचीन ग्रीकमधले महाप्राण देवनागरीत जितके सहज बसतात तितके रोमनमध्ये बसत नाहीत. आपल्या विद्यापीठांनी याचा काही फायदा करून घेतला नाही, हा भाग वेगळा.)

ओळीच्या पहिल्या भागाचेही असेच. ‘तोन द’ अपमेइबोमेनोस प्रोसेफे’, म्हणजे ‘त्याला उत्तर देत बोलला’, एवढे म्हटले की पुढे ‘पोलुमेतिस ओदुस्सेउस’ जोडा किंवा ‘पोदास ओकुस अखिल्लेउस’ जोडा, ओळ तयार. दोघांचे माप तंतोतंत एक. अकिलीस बसलेला असो की धावत असो, त्या जागी त्याचे नाव यायचे तर पाय ‘शीघ्र’च असणार.

पॅरीने दोन गोष्टी दाखवल्या. एक, ही व्यवस्था सगळ्या पात्रांना पुरेल एवढी विस्तृत आहे. दोन, ती काटकसरी आहे: एका मापाला, एका पात्रासाठी, साधारणपणे एकच शब्दबंध. एकट्या कवीला असे यंत्र बनवता येत नाही. ते वापरून वापरून, पिढ्यान्‌पिढ्या, घासून तयार होते. ठरीव शब्दबंधाची त्याची व्याख्या अशी, की एकाच छंदोबद्ध जागी, एकच मूळ कल्पना सांगायला नेमाने वापरला जाणारा शब्दसमूह.

लॅटिनचा उपयोग त्याने इथे पडताळा म्हणून केला. व्हर्जिलचा नायक एनेआस कधी ‘पिउस’ असतो, कधी ‘पातेर’, म्हणजे कधी कर्तव्यनिष्ठ, कधी पितृतुल्य. एनेआसच्या नावाआधी दोन्ही शब्दांचे माप सारखेच, दोन लघु. म्हणजे व्हर्जिल छंदाच्या गरजेने निवडत नाही, प्रसंग बघून निवडतो. टाक हातात घेऊन लिहिणारा कवी असा असतो. होमर तसा नाही.

गीतेची पोथी काढून बसलो तेव्हा

हे वाचल्यावर मराठी वाचकाच्या मनात पार्थ, कौन्तेय, धनंजय यायलाच हवेत. टीकाकार अनेकदा सांगतात की भगवंतांनी इथे अर्जुनाला ‘महाबाहो’ म्हटले ते अमुक कारणाने. मी पोथी काढून नुसत्या जागा पाहिल्या. ‘तत्त्ववित्तु महाबाहो’, ‘असंशयं महाबाहो’, ‘भूय एव महाबाहो’, ‘तस्माद्यस्य महाबाहो’: अनुष्टुभात हा शब्द विषम चरणाच्या शेवटी येतो, कारण तिथे शेवटच्या चार अक्षरांत लघु-गुरू-गुरू हा घाट लागतो आणि चौथे अक्षर कसेही चालते. ‘धनंजय’ सम चरणाच्या शेवटी येतो, कारण तिथे लघु-गुरू-लघु लागते. चौथ्या अध्यायात ‘निबध्नन्ति धनंजय’ आहे, नवव्यातही आहे, दोन्हीकडे सम चरणात. चौदाव्यात तेच क्रियापद विषम चरणात आले आणि लगेच ‘निबध्नन्ति महाबाहो’ झाले. अर्जुनाच्या दंडाचा आणि बंधनाचा संबंध तिथे शोधत बसायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणखी एक. पाचव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला म्हणतो ‘संन्यासस्तु महाबाहो’. अठराव्याच्या पहिल्या श्लोकात अर्जुन कृष्णाला म्हणतो ‘संन्यासस्य महाबाहो’. बाहू बदलले, जागा तीच. पॅरी अशा शब्दाला सर्वसामान्य विशेषण म्हणाला असता, कुठल्याही वीराला लागणारे.

पण पॅरीची काटकसर इथे पुरती बसत नाही, हेही सांगायला हवे. ‘परंतप’चे माप ‘धनंजय’चेच आहे आणि तोही सम चरणाच्या शेवटीच येतो. ‘हृषीकेश’ आणि ‘महाबाहो’ यांचेही तसेच, आणि अठराव्याच्या त्या पहिल्याच श्लोकात दोघे एकामागून एक विषम चरणांत आहेत. म्हणजे व्यासांच्या पोतडीत एका मापाचे दोन-दोन शब्द होते. अनुष्टुभ हेक्झॅमीटरपेक्षा सैल, म्हणून असेल. कसोटी लावली की निकाल ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकाच येत नाही, ‘कितपत’ असाही येतो. म्हणूनच ती कामाची.

पारंपरिक म्हणजे तोंडी?

१९२८च्या प्रबंधात पॅरी ‘पारंपरिक’ म्हणतो, ‘मौखिक’ म्हणत नाही. ही पुढची उडी त्याला स्वतःला उशिरा सुचली, आणि तसे त्याने प्रांजळपणे लिहूनही ठेवले. त्याचे गुरू आंत्वान मेइये हे भाषाशास्त्रज्ञ होते. त्यांनी त्याची गाठ मातिया मुर्को या स्लाव्ह भाषांच्या अभ्यासकाशी घालून दिली. मुर्को आग्नेय युरोपातल्या बाल्कन भागातल्या खेड्यांत हिंडून तिथल्या गायकांवर लिहीत होता. हे गायक निरक्षर आणि हजारो ओळींची वीरगाथा एकतारी वाद्यावर, गुसलेवर, गातात. पॅरी अमेरिकेला परतला, एक वर्ष आयोवात शिकवून हार्वर्डला आला, आणि १९३० व १९३२ साली त्याने दोन मोठे निबंध छापले. पहिल्यात इलियड आणि ओडिसी यांच्या सुरुवातीच्या पंचवीस-पंचवीस ओळी घेऊन, इतरत्र सापडणाऱ्या प्रत्येक शब्दबंधाखाली रेघ मारली आहे. पानभर रेघाच रेघा. एखादा शब्द उघडा राहिलेला दिसला तर नवल वाटते.

मुद्दा असा: ज्याला गातागाताच ओळ जुळवायची आहे, ज्याला खोडायची आणि थांबायची सोय नाही, त्यालाच असल्या तयार मापाच्या शब्दांची गरज पडते. हा तर्क झाला. तर्क सिद्ध करायचा तर असा गायक डोळ्यांसमोर हवा. ग्रीसमधला अडीच हजार वर्षांपूर्वी गेला. मग जिवंत आहे तिथे जायचे.

ग्रीक-लॅटिनच्या प्राध्यापकाने खेड्यातल्या चहा-कॉफीच्या दुकानात ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन बसावे, ही त्या काळी विक्षिप्त गोष्ट होती. १९३३च्या उन्हाळ्यात तो एकदा बाल्कनमधल्या तेव्हाच्या युगोस्लाव्हियाला जाऊन आला. मग जून १९३४ ते सप्टेंबर १९३५ मोठा मुक्काम केला. बरोबर नुकताच पदवीधर झालेला विद्यार्थी आल्बर्ट लॉर्ड. आणि निकोला वुयनोविच: हर्झेगोव्हिनातल्या स्तोलाच गावचा, लिहितावाचता येणारा आणि स्वतः गुसलेवर गाणारा. मुलाखती तो घेई, सांगून घेतलेली गाणी तोच उतरवून घेई. पॅरीचे नाव जगाला माहीत आहे, पण निकोला नसता तर गायकांनी त्या अमेरिकन माणसापुढे तोंड उघडले असते का, याची मला शंका आहे.

यंत्र कनेक्टिकटमधल्या वॉटरबरीच्या कंपनीकडून मुद्दाम बनवून घेतले होते. ॲल्युमिनियमच्या तबकडीवर काही मिनिटेच मावत, आणि गाणे तर तासन्‌तास चाले. म्हणून दोन फिरते पाट आणि मध्ये एक खटका: एक तबकडी भरत आली की खटका ओढायचा, दुसरी सुरू, तेवढ्यात पहिली बदलायची. गायकाला थांबावे लागत नसे. अशा साडेतीन हजारांहून जास्त तबकड्या जमल्या.

बिएलो पोल्येचा खाटीक

मोंटेनेग्रोतल्या बिएलो पोल्ये गावाजवळ ओब्रोव्ह नावाची वस्ती आहे. तिथला आवदो मेजेदोविच, व्यवसायाने खाटीक, वय साठीच्या आसपास, लिहितावाचता न येणारा. १९३५च्या जुलैत त्याने निकोलाला एक गाथा सांगितली, स्माइलागिच मेहोच्या लग्नाची. ओळी भरल्या १२,३११. ओडिसी साधारण तेवढीच आहे, बारा हजारांच्या थोडी वर.

या गाथेची एक गंमत आहे, ती मला सगळ्यात जास्त आवडते. आवदोने ती कुणा जुन्या गायकाच्या तोंडून ऐकली नव्हती. ओळखीच्या माणसाने छापील चोपडीतून त्याला ती वाचून दाखवली होती. चोपडीतली गाथा दोन हजार ओळींच्या घरातली. तिची आवदोने बारा हजार केली: घोड्याचा साज, वराचा पोशाख, निघालेल्या प्रत्येक सरदाराचे आगमन, सगळे उलगडून. म्हणजे मौखिक परंपरेचा हा सर्वात गाजलेला नमुना छापखान्यातून निघून तोंडात गेला. ‘शुद्ध मौखिक’ शोधणाऱ्यांची इथे जरा पंचाईत होते.

पॅरीने मग एक प्रयोग केला, जो मला त्याच्या सर्व तक्त्यांहून जास्त पटतो. मुमिन व्लाहोव्ल्याक नावाच्या दुसऱ्या गायकाला आवदोसमोर बेचिरागिच मेहोची गाथा गायला लावली. आवदोने ती आधी ऐकलेली नव्हती. गाणे २,२९४ ओळींचे झाले. संपल्यावर पॅरीने आवदोला विचारले, तुला गाता येईल का? आवदोने मुमिनची वाखाणणी केली आणि स्वतः गायला बसला. त्याचे गाणे ६,३१३ ओळींचे झाले. कथानक तेच. एकदाच ऐकलेले, जवळजवळ तिप्पट होऊन बाहेर आले. पाठांतर म्हणावे तर हे पाठांतर नाही, आणि नवी रचना म्हणावे तर कथा नवी नाही. आपल्या भाषेत या मधल्या गोष्टीला नीट शब्द नाही. ‘गाऊन रचणे’ म्हणावे लागेल.

आणि गायक स्वतः काय म्हणत? नोव्ही पाझारचा एक गायक, जेमाइल झोगिच, छातीठोक सांगे की दुसऱ्याकडून ऐकलेले गाणे मी शब्दाला शब्द, ओळीला ओळ तेच गातो, पदरची एक ओळ घालत नाही. तबकड्या शेजारी ठेवल्या तर दोन्ही गाणी वेगळी. झोगिच खोटे बोलत नव्हता. ‘शब्द’ म्हणजे कागदावर दोन मोकळ्या जागांमध्ये असतो तो, हे लिहिणाऱ्यांचे मत. त्याच्या लेखी ‘शब्द’ म्हणजे सांगायची गोष्ट.

पॅरी गेला, मग काम पसरले

सप्टेंबर १९३५मध्ये परतलेला पॅरी ३ डिसेंबर १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात पिस्तुलाची गोळी लागून मेला. सामानातले पिस्तूल चुकून उडाले, असे तेव्हा ठरले. त्यावर पुढे बरेच तर्क झाले, त्यात मला रस नाही. नियोजित पुस्तकाची मोजकी पाने सांगून लिहवून घेतलेली होती, एवढेच.

आजच्या पद्धतीने, म्हणजे उल्लेखांची मोजदाद करून, १९४० साली पॅरीचा ‘प्रभाव’ कुणी काढला असता तर हाती फारसे लागले नसते. दोन फ्रेंच प्रबंध, मूठभर निबंध, आणि न ऐकलेल्या तबकड्यांचा ढीग. पसरण्याला पंचवीस वर्षे लागली. लॉर्ड १९५०-५१मध्ये पुन्हा बाल्कनला गेला, थकलेल्या, आजारी आवदोला भेटला, झोगिचलाही पुन्हा ध्वनिमुद्रित केले. १९६० साली लॉर्डचे पुस्तक आले आणि मग ‘पॅरी-लॉर्ड सिद्धान्त’ हे जोडनाव रूढ झाले. तोवर जुन्या इंग्रजीच्या अभ्यासकांनी बेओवुल्फ या त्या भाषेतल्या वीरकाव्यावर तीच मोजणी सुरू केली होती. माध्यमांचा अभ्यासक मार्शल मॅकलूहन याने १९६२च्या आपल्या पुस्तकाची सुरुवातच या कामाचा धागा पकडून केली. एरिक हॅवलॉकने १९६३ साली प्लेटोचा कवींवरचा राग मौखिक संस्कृतीशी जोडला. वॉल्टर ऑंगने १९८२ साली बोलीच्या आणि लेखणीच्या मनोवृत्तींवर पुस्तक लिहिले तेव्हा पॅरी त्याच्या विचाराच्या पायाशी होता. फ्रेंच प्रबंध इंग्रजीत आले ते १९७१ साली, पॅरीचा मुलगा ॲडम याने संपादित केलेल्या ग्रंथात.

संगीताकडचीही एक वाट आहे. हंगेरीचा संगीतकार बेला बार्टोक अमेरिकेत आश्रयाला आला तेव्हा, १९४१-४२च्या सुमारास, कोलंबिया विद्यापीठाच्या आधाराने त्याने पॅरीच्या तबकड्यांतली गाणी स्वरलिपीत उतरवली. ती वीरगाथांची नव्हेत, मुख्यतः बायकांची गाणी. पॅरीने तीही हजारोंनी जमवली होती, पण सिद्धान्तात त्यांना जागा मिळाली नाही. वीर, तलवारी आणि घोडे यांपुढे बायकांचे गाणे ‘किरकोळ’ ठरले. बार्टोकने त्यांना कान दिला.

आक्षेप

पहिला घरातूनच आला. ॲडम पॅरीने १९५६ साली अकिलीसच्या भाषेवर निबंध लिहिला. इलियडच्या नवव्या सर्गात अकिलीस आपल्या जगाच्या मूल्यांवरचा विश्वासच उडाल्यासारखा बोलतो, पण ठरीव भाषेत ते म्हणायला शब्दच नाहीत, म्हणून तो तीच भाषा मोडतोडीने वापरतो, असे त्याचे म्हणणे. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण बापाच्या यंत्रात कवीचे मन कुठे आहे, हा मुलाचा प्रश्न रास्तच होता. ज्या वर्षी त्याने बापाचे लेखन प्रकाशित केले, त्याच १९७१ साली तोही मोटरसायकलच्या अपघातात गेला.

दुसरा आक्षेप मौखिक काव्याची अभ्यासक रूथ फिनेगन हिचा, १९७७चा: मौखिक म्हणजे गातागाता रचलेले, हे समीकरण सगळीकडे लागू नाही. सोमाली कवी आधी मनात कविता पुरी रचतात, मग जशीच्या तशी पाठ म्हणतात.

तिसरा आक्षेप आपल्या अंगणातला आहे. वेद. पदपाठ, क्रमपाठ आणि शिवाय जटापाठ, घनपाठ अशा विकृती, म्हणजे शब्द उलटसुलट म्हणण्याच्या रीती, पाठ करून अक्षर न् अक्षर, स्वरासकट, शतकानुशतके तोंडीच जपलेली संहिता. पॅरी-लॉर्डच्या चौकटीत हे बसत नाही. मानववंशशास्त्रज्ञ जॅक गूडीने १९८७ साली शंकाच काढली, की लेखनाच्या आधाराशिवाय हे शक्य झाले असेल का. बहुतेक वेदाभ्यासकांना ती मान्य नाही, मलाही नाही. घनपाठी ब्राह्मण आणि ओब्रोव्हचा खाटीक, दोघेही मौखिक परंपरेचे. एकाची परीक्षा अक्षर न चुकण्यात, दुसऱ्याची गोष्ट फुलवण्यात. आणि आपल्याकडे दोन्ही प्रकार एकाच काळी, शेजारी शेजारी नांदले: वेद पाठ म्हणणारे वैदिक आणि वीरकथा सांगणारे सूत.

पॅरी पहिल्यांदा बाल्कनला गेला त्याच १९३३ साली पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे आदिपर्व पुरे केले. संपादक विष्णू सीताराम सुकथनकर बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली तयार झालेले. ग्रीक-लॅटिन हस्तलिखितांवर घडलेली पाठचिकित्सा, म्हणजे पोथ्या ताडून मूळ पाठ ठरवण्याची पद्धत, त्यांनी इथे आणली आणि ती जशीच्या तशी चालत नाही हेही प्रस्तावनेत लिहिले: महाभारत ही कधीच एक ताठर संहिता नव्हती, बदलत वाहणारी परंपरा होती. एकाने तबकड्यांवरून जे पाहिले त्याच्या जवळपास दुसरा पोथ्यांवरून पोहोचला.

आपल्याकडे तबकडीच्या जागी फितीची यंत्रे आली, आणि ती खेड्यांत नेली गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी. जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या त्यांच्या संग्रहात आहेत. त्याआधी जर्मन अभ्यासक ग्युंथर सोंथायमर धनगरांच्या ओव्या टिपत हिंडले होते. जात्यावरच्या ओव्या चाळताना ‘सांगते बाई तुला’ हे तीन शब्द इतक्या वेळा, इतक्या वेगवेगळ्या बायकांच्या तोंडी, ओळीच्या त्याच टोकाला येतात, की पॅरीने त्यांच्याखाली रेघ मारली असती. पण ते तिथे नुसती जागा भरत नाहीत. सांगायला कुणी नसताना जात्याला, नाहीतर जोडीला बसलेलीला, ‘तुला’ म्हणण्याची ती सोय आहे. मापही बसते, मनही बसते.

शेवटचा पुरावा

निकोला वुयनोविचला १९३८मध्ये हार्वर्डला बोलावून घेतले. तबकड्या ऐकायच्या आणि गाणी अक्षरशः उतरवायची, हे काम दोन वर्षे त्याने केले. पुढे जॉन माइल्स फोली या अभ्यासकाने १९३५ सालचे हलिल बायगोरिच या गायकाचे एक गाणे घेतले, तबकडी पुन्हा पुन्हा ऐकली आणि निकोलाच्या हस्ताक्षराशी ताडून पाहिली. जागोजागी बारीक फरक होते. कुठे एखादा अव्यय वेगळा, कुठे क्रियापदाचे रूप दुसरे. ऐकण्यातली चूक म्हणावी तर बदललेली ओळ छंदात नीट बसलेली, कधी मुळाहून घोटीव. निकोला स्वतः गुसलेवर वाढलेला. कानात यंत्र, हातात पेन्सिल, समोर कागद, अमेरिकेतल्या ग्रंथालयातली खोली, आणि ओळ कानावरून कागदावर जाताना तो ती पुन्हा गात होता.